बोट सोडण्यापूर्वी करायचा दिवसांचा हिशोब

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. नऊ वर्षे क्रूझ जहाजांवर काढून तुम्ही आता ईटीओ, म्हणजे जहाजाची वीजयंत्रणा सांभाळणारे अधिकारी, झाला आहात, पुढच्या साइन-ऑफनंतर, म्हणजे करार संपवून उतरल्यावर, पुन्हा जॉइन न होता पत्नी आणि मुलीसह जर्मनीत स्थायिक व्हावे असा तुमचा विचार आहे, आणि तेथे जहाजाइतका पैसा मिळेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. आई-वडील लालबागला असतात, हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिले आहे. खरा पेच मला त्या ओळीतच दिसतो. पण पैशाचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो.

तितका पैसा हाती उरणार नाही. आज तुम्ही वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहता, त्यामुळे अनिवासी ठरता आणि परदेशी जहाजावरच्या पगारावर भारतात कर पडत नाही. केबिन आणि मेसचा खर्चही कंपनीचाच. जर्मनीत महिना 4,000 युरो पगार ठरला, तर कर, आरोग्यविमा आणि पेन्शनची कपात होऊन एकट्या माणसाच्या हाती साधारण 2,600 पडतात. पत्नी कमावत नसेल तर थोडे अधिक; पण त्यातून भाडे, वीज आणि किराणा निघतो. मीही असाच जहाज सोडून जर्मनीत आलो, तेव्हा आणखी एक गोष्ट मला पहिल्या वर्षी कोणीही सांगितली नव्हती: एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यातील ठेवींचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी तुम्ही जर्मनीचे रहिवासी झालात की ते तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते, कारण तेथे रहिवाशाच्या जगभरातील उत्पन्नावर कर आहे. दर्यावर्दी माणसाची बहुतेक पुंजी याच ठेवींत असते, तेव्हा निघण्यापूर्वी कागद मांडून बसा.

आता दिवसांचा हिशोब. चार महिने जहाज आणि दोन महिने घर, असा माझा क्रम होता. म्हणजे वर्षातले चार महिने मी गिरगावात, दोन-दोन महिने सलग, रिकामा आणि पूर्णपणे घरच्यांचा असे. जर्मनीत आठवड्याचे पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने किमान 20 दिवसांची रजा मिळते, बऱ्याच कंपन्या 30 देतात, पण मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, आजारपणे आणि विमानाचे भाव पाहता मुंबईच्या वाट्याला जेमतेम तीन आठवडे येतात. वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी, समुद्रावर नोकरी असूनही, मी घरी होतो आणि दिवसातून चार वेळा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. फ्रँकफुर्टला जमिनीवर आल्यानंतर आई जिन्यात पडून तिचा पाय मोडला, तेव्हा मात्र मला सहाव्या दिवशी निघता आले. दुसऱ्या बाजूला, मुलीला रोज संध्याकाळी पाच वाजता मीच पाळणाघरातून आणतो, पूर्वी मी दारात बॅग ठेवली रे ठेवली की ती विचारायची, “बाबा, कधी जाणार?” तो प्रश्न आता घरात उरलेला नाही. तेव्हा हे स्थलांतर पत्नी आणि मुलीसाठी असेल तर अवश्य करा. आई-वडिलांजवळ राहता यावे म्हणून जहाज सोडत असाल, तर जर्मनी हे त्याचे उत्तर नव्हे, त्यासाठी मुंबई-पुण्यातच नोकरी शोधावी लागेल.

कामाविषयी मात्र घाबरू नका. फ्रँकफुर्टच्या परिसरात डेटा सेंटरची दाटी आहे, आणि डेटा सेंटर म्हणजे न हलणारे क्रूझ जहाजच: जनरेटर, हाय व्होल्टेज स्विचबोर्ड, चिलर, यूपीएस, आणि काहीही झाले तरी वीज जाता कामा नये ही सक्ती. अडचण वेगळीच आहे. जमिनीवर ईटीओ म्हणजे काय, हे कोणालाही माहीत नसते, आणि आपल्या सी-सर्व्हिसच्या, म्हणजे जहाजावरच्या नोकरीच्या, दाखल्यावर हुद्दा आणि तारखांपलीकडे फारसे काही नसते. माझ्या मुलाखतीत पंधरा मिनिटे नुसती हुद्द्याची फोड करण्यात गेली. मग समोरच्या वयस्क गृहस्थांनी विचारले, “अर्थ फॉल्ट झाला तर तुम्ही काय करता?” अर्थ फॉल्ट म्हणजे तारेतली वीज निसटून जमिनीशी किंवा यंत्राच्या सांगाड्याशी जोडली जाणे. मी म्हणालो की जहाजावर 690 आणि 440 व्होल्टच्या बाजूला न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, त्यामुळे पहिल्या फॉल्टला अलार्म वाजतो पण मशीन चालू राहते, आणि आम्ही एकेक फीडर, म्हणजे वीज पुरवणारी शाखा, वेगळा करत दोष शोधतो, तुमच्याकडे न्यूट्रल अर्थ केलेला असल्याने ब्रेकर तत्काळ पडेल. त्यानंतर मुलाखतीचा सूरच बदलला. तेव्हा जहाजाची 60 हर्ट्झ आणि जमिनीवरची 50 हर्ट्झ वीज, जहाजाची अर्थिंग आणि जमिनीची अर्थिंग, हे फरक बोलता येतील इतके पक्के करा.

शेवटच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक वही ठेवा. ज्या यंत्रावर स्वतः काम केले त्याची नेमप्लेट तीत उतरवा: बनावट, किलोवॅट, व्होल्टेज, चिलरची क्षमता, आणि काय दुरुस्त केले ते. माझ्या वहीची अर्धी पाने तेलाने पारदर्शक झालेली आहेत. साइन-ऑफपूर्वी त्याच वहीवरून चीफ इंजिनिअरकडून लेटरहेडवर सविस्तर पत्र घ्या. एकदा जहाजाच्या गँगवेवरून, म्हणजे जिन्यावरून, उतरलात की ते पत्र मिळवायला सहा महिने ईमेल करत बसावे लागते.

तुमची बी.ई. आहे की डिप्लोमा, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि व्हिसाची वाट त्यावरच ठरते. मान्य पदवी असल्यास ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा राहण्याचा आणि कामाचा परवाना, मिळू शकते. 2025 साली त्यासाठी वार्षिक पगाराची अट 48,300 युरो होती, इंजिनिअरांसारख्या टंचाईच्या व्यवसायांना सुमारे 43,760. हे आकडे दरवर्षी बदलतात. डिप्लोमा असल्यास, मार्च 2024 पासून, किमान दोन वर्षांचे सरकारमान्य शिक्षण, गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगार यांवर व्हिसा मिळू शकतो. जर्मन भाषा मात्र मुंबईतच उरकून या, काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा अन्यत्र. ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा परवाना जर्मन भाषेची बी-1, म्हणजे मध्यम, पातळी असल्यास 21 महिन्यांत मिळू शकतो, एरवी 27. आणि स्विचरूममधील सूचना इंग्रजीत नसतात, हे त्याहून महत्त्वाचे. “नोकरीसकट पाठवतो” म्हणणाऱ्या एका एजंटाला मी दोन लाख देऊन बसलो होतो. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही, हे मला नंतर कळले.

निघण्यापूर्वी सीओसीचे, म्हणजे जहाजावर अधिकारी म्हणून काम करण्याच्या पात्रतेच्या प्रमाणपत्राचे, नूतनीकरण करून घ्या. त्यानंतर पाच वर्षे हाताशी असतात, आणि पुढच्या नूतनीकरणासाठी त्या पाच वर्षांत साधारणपणे 12 महिन्यांचा सी-टाइम, म्हणजे जहाजावरचे काम, दाखवावा लागतो. म्हणजे जमिनीवर करमले नाही, तर निर्णय फिरवायला साधारण चार वर्षे आहेत. आणि तारीख निवडता आली तर एप्रिल-मेमध्ये या. मी डिसेंबरात आलो, साडेचारच्या आत सूर्य मावळत होता, आणि पत्नी पहिले दोन महिने मला रोज विचारत होती की बोट काय वाईट होती.