पायलोनिडल सायनस ऑपरेशनशिवाय बरा होतो का?

माकडहाडाजवळ छिद्र आहे, अधूनमधून गळतं, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात आणि तुम्हाला ते टाळायचंय. भाऊ, माझं मोठ्या ऑपरेशनवाचून निभावलं, म्हणून लिहितो.

आधी बघा, आत्ता पू साचलाय का? जागा लाल, तट्ट फुगलेली, ठणकते, बसवत नाही, अंगात कणकण आहे, तर सरळ सरकारी दवाखान्याच्या (आमच्या नागपुरात मेडिकल किंवा मेयो) सर्जरी ओपीडीत जा. कोंडलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही, चीर देऊन काढावाच लागतो. ते काम छोटं असतं, जागा बधिर करून होतं. शुगर असेल तर एक दिवसही काढू नका.

ठणका नसेल तर सबुरी चालते. खरा गुन्हेगार केस. गळलेले, तुटलेले केस कुल्ल्यांमधल्या फटीत जमतात आणि घर्षणाने मुळाकडच्या बाजूने कातडीत घुसतात. माझ्या डॉक्टरांनी चिमट्याने छिद्रातून ओलसर काळा पुंजका ओढून काढला, तेव्हा मला पटलं. न्हाव्यांना तर बोटांच्या बेचक्यात हाच आजार होतो, तोही गिऱ्हाइकाच्या केसांनी! दुसऱ्या महायुद्धात जीपमधून आदळत फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांत तो इतका दिसला की नावच पडलं 'जीपचा आजार'. मग मे महिन्यात वर्धा रोडवर तापलेल्या रेक्झिनच्या सीटवर बसणाऱ्याचं काय होणार!

म्हणून तिथले केस ट्रिमरने बारीक ठेवायचे (स्वतःला दिसत नाही, लाज सोडून घरच्यांना सांगा), कटिंग केली की लगेच आंघोळ, घाम पुसून जागा कोरडी, चड्डी सुती, आणि खुर्चीत घसरून माकडहाडावर बसणं बंद. परवडत असेल तर लेझरने केस काढा, दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी होतं. यूट्यूबवरचा लसणाचा लेप मात्र नको बाप्पा, कातडी भाजते.

आयुर्वेदातल्या क्षारसूत्राचं विचाराल. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा असतो, तो ठरावीक दिवसांनी बदलतात. 'बिना ऑपरेशन' अशी पाटी असली तरी तीही शस्त्रक्रियाच. करायची तर नुसत्या पाटीवर जाऊ नका, शल्यतंत्र (आयुर्वेदातली सर्जरी) शिकलेल्या वैद्याकडेच करा.

वारंवार पू होत असेल, दोन-तीन तोंडं फुटली असतील, तर ऑपरेशन टाळू नका. फक्त सर्जनला विचारा, टाके फटीच्या मधोमध घेणार की बाजूला? बाजूची जखम लवकर भरते आणि आजार परत येण्याची शक्यताही कमी असते.