वाचताना चित्र दिसत नसेल, तरी कथेचं जग मनात उभं राहतं का?

हो, राहतं. इतरांना कादंबरी वाचताना सगळं डोळ्यांसमोर दिसतं, तुम्हाला दिसत नाही, म्हणून आपलं वाचन कच्चं आहे का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच नाही. कथेचं जग म्हणजे चित्र नव्हे. कोण कुठे आहे, कुणाला काय ठाऊक आहे, आता काय होऊ शकतं, याची जाण म्हणजे ते जग.

हे वाक्य बघा: 'कुर्ला सुटलं तशी सुमन दाराकडे सरकायला लागली, दादरला उतरायचं होतं.' यात गाडी हा शब्दही नाही. तरी मुंबईकर मनात मध्य रेल्वेची, सीएसएमटीकडे निघालेली लोकल भरतो. बहुधा लेडीज डबा, खच्चून गर्दी, आणि 'दादर का?' असं पुढच्या बाईला विचारणंही. लोकलने कधी न गेलेल्या वाचकाला मात्र सुमन उगाच उतावीळ वाटेल. पुढच्या ओळीत 'कुणाचं तरी कोपर बरगडीत लागलं' असं आलं की तोही मनातला डबा माणसांनी भरून टाकतो. वाचक सतत असं भरत आणि दुरुस्त करत असतो.

क्रियापदही आपल्याला जागेवर नेऊन ठेवतं. 'बंडू खोलीत आला' म्हटलं की आपण आधीच आत असतो. 'खोलीत गेला' म्हटलं की आपण चाळीच्या गॅलरीतच राहतो.

व्हॅन डाइक आणि किंच या अभ्यासकांनी 1983 साली मांडलं, की वाचक शब्दांपलीकडे त्या प्रसंगाचंच एक प्रारूप मनात बांधतो. 1987 मधला ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला फार आवडतो. पळायला निघालेल्या माणसाने स्वेटशर्ट अंगात घातला, किंवा काढून ठेवला, एवढाच दोन मजकुरांत फरक. काढून ठेवला असेल तर थोड्या वेळाने तो शब्द ओळखायला वाचकांना जास्त वेळ लागला. शर्ट मागे राहिला, तसा मनातूनही मागे पडला.

मनात चित्रं न उमटण्याला अफँटेझिया म्हणतात. अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हे नाव दिलं. अशी माणसंही आवडीने कथा वाचतात.

स्वतःच ताडून बघायचं असेल तर एवढं करा: तिसऱ्या प्रकरणात गावी गेलेला काका पाचव्यात न सांगता स्वयंपाकघरात बोलायला लागला, तर तुम्ही 'हा परत कधी आला?' म्हणून पानं मागे उलटता की नाही?