ट्रॅकचे टायर, एक्स्प्रेसवेवरचा अपघात आणि विमा कंपनीचा नकार

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडला राहतो. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) जातो, म्हणून मार्च 2024 मध्ये हॅचबॅकला परदेशी सेमी-स्लिक (कमी चर असलेले) टायर बसवले. साइज कंपनीचीच ठेवली. सारखी काढ-घाल नको म्हणून रोजही तेच वापरत राहिलो. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जोराच्या पावसात साचलेल्या पाण्यावर गाडी घसरली, दुभाजकाला धडकली आणि शेजारच्या गाडीवर आदळली. त्या गाडीच्या चालकाचा हात मोडला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे. माझ्या दुरुस्तीचा खर्च 6 लाख 40 हजार. सर्व्हेयरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) टायरच्या ट्रेडची, म्हणजे चरांची, खोली 3 मिमी मोजली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने क्लेम नाकारला. कारणं तीन : टायर एआयएस-142 या नव्या सुरक्षा मानकात बसत नाहीत, गाडीत अनधिकृत फेरफार केला, आणि पॉलिसीची अट क्रमांक 4 मोडली. दुकानदाराने ‘रोडवर बिनधास्त चालवा’ असा मेसेज केला होता, तो जपून ठेवलाय. सर्व्हेयरला दिलेल्या जबाबात मी ‘पावसात हे टायर कमी धरतात याची कल्पना होती’ असं लिहून बसलो. टायरचे फोटो सोबत जोडले आहेत. क्लेम मिळेल का?

उत्तर : पूर्ण रक्कम मिळणं अवघड आहे. बऱ्यापैकी रक्कम मिळू शकते, आणि त्यासाठी लढणं योग्य आहे. कंपनीची पहिली दोन कारणं कच्ची आहेत. तिसरं टिकू शकतं आणि त्याला बळ तुमच्या जबाबातल्या त्या एका वाक्याने दिलंय.

आधी नव्या मानकाकडे पाहू, कारण पत्राचा सगळा डोलारा त्यावरच उभा केलाय. केंद्र सरकारने 28 जून 2022 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 95 मध्ये दुरुस्ती केली आणि टायरना एआयएस-142 लागू केलं. त्यात तीन गोष्टी तपासतात : टायर फिरताना किती ऊर्जा खातो, ओल्या रस्त्यावर किती धरतो आणि आवाज किती करतो. नव्या डिझाइनच्या टायरना हे 1 ऑक्टोबर 2022 पासून लागू झालं. आधीपासून बनत असलेल्या डिझाइनना ओल्या पकडीसाठी 1 एप्रिल 2023 पर्यंत मुदत होती.

आता तुमचा फोटो बघा. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 4622 आहे. म्हणजे टायर 2022 च्या 46 व्या आठवड्यात, नोव्हेंबरात बनला. हे डिझाइन ऑक्टोबर 2022 पूर्वीपासून बाजारात होतं हे निर्मात्याच्या जुन्या कॅटलॉगवरून दाखवता आलं, तर तुमचा टायर बनला तेव्हा त्याला एआयएस-142 लागूच नव्हतं. कंपनीच्या पत्रात टायरच्या तारखेचा उल्लेख नाही. बहुधा कोणी ती ओळ वाचलीच नसावी.

त्याच फोटोत आणखी एक महत्त्वाची खूण आहे. वर्तुळातल्या ई-मार्कपुढे मंजुरीचा क्रमांक आहे आणि त्याच्यानंतर ‘एस 2 डब्ल्यू आर 2’ अशी अक्षरं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या रेग्युलेशन 117 खालची ही मंजुरी आहे. एस म्हणजे आवाज, डब्ल्यू म्हणजे ओली पकड, आर म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना खाल्ली जाणारी ऊर्जा), आणि 2 म्हणजे दुसरा, जास्त कडक टप्पा. एआयएस-142 ची पातळी याच रेग्युलेशनच्या धर्तीवर ठरवलेली आहे. साध्या कार-टायरला ओल्या पकडीचा निर्देशांक प्रमाण टायरच्या तुलनेत किमान 1.1 लागतो. सुमारे 1 मिमी पाणी असलेल्या रस्त्यावर ताशी 80 वरून 20 किमीपर्यंत ब्रेक लावून तो मोजता येतो. तुमचा टायर नवा असताना या परीक्षेत उत्तीर्ण झालेला आहे. शर्यतीसाठीच बनवलेल्या, रस्त्यावर वापरू नये असं साइडवॉलवर स्पष्ट छापलेल्या टायरांची गोष्ट वेगळी. ते या मानकाच्या कक्षेतच येत नाहीत आणि त्यांची ओली पकड कोणी तपासलेली नसते. तसा टायर तुमच्या गाडीला असता तर हे उत्तर फार वेगळं झालं असतं. अनेक तरुण सेमी-स्लिक आणि निव्वळ शर्यतीचे टायर एकाच मापाने मोजतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

तरी ई-मार्कवर सगळी भिस्त ठेवू नका. ज्या 1958 च्या करारानुसार देश एकमेकांच्या अशा मंजुऱ्या मान्य करतात, त्यात भारत नाही. आपण 1998 च्या करारात आहोत आणि त्यात परस्पर मान्यता नाही. म्हणून ई-मार्क हा टायरच्या गुणवत्तेचा पुरावा ठरतो, भारतीय कायद्याची परवानगी ठरत नाही. शिवाय तुमच्या टायरवर आयएसआय मार्क दिसत नाही. 2009 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार कारच्या टायरला तो बंधनकारक आहे, आणि जून 2020 पासून नव्या टायरची आयातही परवान्याखाली आणलेली आहे. मात्र हा बोजा बनवणाऱ्यावर, आणणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. भारतीय मानक ब्युरो कायद्याच्या कलम 17 मध्ये निर्मिती, आयात, विक्री, साठवणूक यांना मनाई आहे, विकत घेऊन वापरणाऱ्याला नाही. दुकानदाराचा दोष तुमच्या पॉलिसीच्या माथी मारता येत नाही.

फेरफाराचा मुद्दा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल अशा बदलाला मनाई करतं. टायरचा ब्रँड आरसीवर नसतो आणि साइज तुम्ही बदललेली नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड सिम्बॉल (किती वेग सोसतो) मूळ टायरपेक्षा कमी नाहीत एवढं मॅन्युअलशी ताडून पाहा. तसं असेल तर हे कारण टिकणार नाही.

आता अट क्रमांक 4. कारच्या प्रमाणित पॉलिसीतल्या या अटीनुसार गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे. नियम 94 नुसार कारच्या ट्रेडची खोली 1.6 मिमीच्या खाली जाता कामा नये. तुमची 3 मिमी होती, म्हणजे कायद्याची किमान अट पूर्ण झाली. सर्व्हेयरच्या अहवालातला हा आकडा तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. पण कंपनीचा वकील पुढे काय विचारेल तेही ऐका. सेमी-स्लिकमध्ये पाणी बाहेर फेकणारे चर मुळातच कमी असतात, आणि 3 मिमीवर ते पाणी साचलेल्या रस्त्यावर आणखी कमी काम करतात. एआयएस-142 मधली चाचणी नव्या टायरची असते, झिजलेल्याची नाही. युरोपात जुलै 2024 पासून नव्या टायर-प्रकारांना झिजलेल्या अवस्थेतली ओली पकडही सिद्ध करावी लागते, ती याच कारणासाठी. म्हणजे ‘टायर परीक्षेत पास झाला होता’ हे तुमचं उत्तर अर्धंच पुरतं.

उरलेलं अर्धं उत्तर कायद्यात आहे. पॉलिसीतला अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये इशर दास मदन लाल प्रकरणात हे स्पष्ट केलंय. त्याआधी 1996 च्या बी. व्ही. नागराजू प्रकरणात मालवाहू गाडीत सहाऐवजी नऊ माणसं होती, म्हणून कंपनीने दुरुस्तीचा क्लेम नाकारला होता. न्यायालय म्हणालं, जादा माणसांमुळे अपघात झाला नाही, क्लेम द्या. तुमच्या प्रकरणात सगळं याच प्रश्नावर येऊन थांबतं : गाडी टायरमुळे घसरली की साचलेल्या पाण्यामुळे? त्या ठिकाणी पाणी तुंबतं याचे फोटो, त्याच दिवशी तिथे आणखी कोणाची गाडी घसरली असेल तर त्याची नोंद, डॅशकॅमचं चित्रण आणि तुमचा वेग मर्यादेत होता याचा पुरावा गोळा करा. वेग जास्त निघाला तर मात्र पाण्याकडे बोट दाखवून भागणार नाही.

या सगळ्यात तुमचं ते वाक्य आडवं येतं. ते मागे घ्यायचा किंवा ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायचा प्रयत्न करू नका. सही तुमची आहे, आणि खोटं एकदा पकडलं गेलं की खऱ्यावरही विश्वास बसत नाही. खरं काय होतं ते पूर्ण सांगा. हे टायर पावसात कमी धरतात हे माहीत होतं म्हणून तुम्ही वेग कमी ठेवला होता, असं खरोखर असेल तर तेच वाक्य तुमच्या काळजीचा पुरावा ठरतं. तसं नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 190(1) लक्षात ठेवा. माहीत असलेल्या किंवा साध्या काळजीने कळला असता अशा दोषासह गाडी चालवली आणि त्यामुळे कोणी जखमी झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आणि 125 लावलं असणार, आणि हाडाचं फ्रॅक्चर गंभीर दुखापतीत धरतात. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासून काय लिहिलंय त्याची प्रत फौजदारी वकिलाकडून काढून घ्या. तोपर्यंत कंपनीला किंवा पोलिसांना एक ओळही वकिलाला दाखवल्याशिवाय लिहून देऊ नका.

ज्यांचा हात मोडला त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला त्यांची काळजी वाटते. तुमचा स्वतःचा क्लेम नाकारला म्हणून त्यांची भरपाई अडत नाही. तृतीय पक्षाच्या दाव्यात विमा कंपनी कलम 150 मधल्या ठरावीक कारणांवरच बचाव करू शकते. त्यात संघटित शर्यत आहे, विनापरवाना चालक आहे, टायर नाही. तुम्ही ट्रॅकवर नव्हता, एक्स्प्रेसवेवर होता, एवढं पुरेसं आहे. पॉलिसी, लायसन्स आणि एफआयआरच्या प्रती त्यांना मागताक्षणी द्या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती त्याच दिवशी विमा कंपनीकडे लेखी पाठवा.

दुकानदाराचा हिशेब सोपा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. निर्मात्यापेक्षा वेगळी हमी विक्रेत्याने स्वतः दिली आणि माल तसा निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 86 खाली तो जबाबदार ठरतो. ‘बिनधास्त चालवा’ हा मेसेज त्याच जातीचा आहे. पण विमा कंपनीसमोर टायर चांगले होते म्हणायचं आणि दुकानदारासमोर ते निकामी होते म्हणायचं, असं दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालत नाही. विमा कंपनी तुमची दुकानदाराला दिलेली नोटीसच पुरावा म्हणून पुढे करेल. म्हणून आत्ता त्याला फक्त एवढंच लिहा : आयएसआय मार्क नसलेला टायर तुम्ही मला न सांगता विकला, माझे हक्क मी राखून ठेवतो. दोन वर्षांची मुदत अपघाताच्या तारखेपासून धरा, म्हणजे ऑगस्ट 2027 च्या आत निर्णय घ्यावा लागेल. पक्कं बिल मात्र आजच शोधून ठेवा.

रकमेबद्दल बोलू. अमलेंदू साहू प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटीचा भंग झाला तरी संपूर्ण क्लेम न नाकारता ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर 75 टक्क्यांपर्यंत द्यायचा मार्ग मान्य केला. मी तुमच्या जागी असतो तर पूर्ण रकमेची मागणी ठेवून 75 टक्क्यांवर तडजोडीची तयारी ठेवली असती. घसारा वजा जाता मंजूर होणाऱ्या रकमेवर हे 75 टक्के मोजतात, 6 लाख 40 हजारांवर नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी हरकत पाठवा आणि सर्व्हेयरच्या संपूर्ण अहवालाची प्रत मागा. नाकारण्याच्या पत्रात जी कारणं दिली त्यापलीकडे कंपनीला नंतर जाता येत नाही, हे सौराष्ट्र केमिकल्सच्या 2019 च्या निकालात ठरलेलं आहे. म्हणून ते पत्र पाकिटासकट जपा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं. आयोगात आधी गेलात तर मात्र लोकपालाची वाट बंद होते. सर्व्हेयरची उलटतपासणी आयोगातच नीट होते, पण तुमचं प्रकरण मुख्यतः कागदावरचं आहे, त्यामुळे लोकपालापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. लोकपालासाठी हरकत फेटाळल्यापासून एक वर्ष आणि आयोगासाठी नकाराच्या पत्रापासून दोन वर्षं, या दोन्ही मुदती आत्ताच लिहून ठेवा.

चारही टायर गाडीवरून उतरवून सुक्या जागी ठेवा. विकू नका, भंगारात देऊ नका, गॅरेजवाल्यालाही नेऊ देऊ नका. सर्व्हेयरच्या 3 मिमीवर वाद झाला तर दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा खोली मोजून घेता येईल, आणि ते 4622 दाखवायलाही तोच टायर लागेल.