चाचणी कुठे थांबली, ते लिहून ठेव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मेटलर्जीची पदवी हातात पडायच्या आधीच माणसं नेणाऱ्या अवकाशयानावर काम करायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. ‘सगळ्यात जास्त उष्णता सोसणारा पदार्थ कोणता, त्याचाच अभ्यास करीन म्हणते’, असं तू लिहिलं आहेस. या क्षेत्राकडे वळणारी बहुतेक मुलं इथूनच सुरुवात करतात. पण हा प्रश्न अपुरा आहे, आणि तो अपुरा का, हे तुला आत्ताच कळावं म्हणून एवढं लांब पत्र लिहितो आहे.

आधी थोडं गणित. पृथ्वीच्या कक्षेतून परतणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. म्हणजे यानाच्या दर किलोमागे ३० मेगाज्यूल गतिज ऊर्जा. एक किलो ॲल्युमिनियम वितळवून त्याची पार वाफ करायला याच्या निम्मीसुद्धा लागत नाही. चंद्राकडून येताना वेग ११ किलोमीटरपर्यंत जातो आणि ऊर्जा दुप्पट होते. ही सगळी यानात शिरली तर काहीच उरायचं नाही. वाट सापडली ती आकारातून. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी दाखवून दिलं की टोकदार नाकापेक्षा बोथट नाक बरं. बोथट तळासमोर हवा दाबली जाते, शॉक वेव्ह, म्हणजे दाबलेल्या हवेची तीव्र लाट, यानापासून थोडी पुढेच उभी राहते आणि बरीचशी उष्णता बाजूने वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. आजही क्रू कॅप्सूलचा तळ रुंद आणि बसका असतो, तो यामुळे.

उरलेली उष्णता कवचाने सोसायची. तीही अंगावर झेलून नव्हे, स्वतः झिजून. कवचातलं रेझिन तापून विघटित होतं, त्याचे वायू बाहेर पडतात, वर कोळशाचा थर तयार होतो, आणि बाहेर येणारे वायूच पुढच्या उष्णतेला थोडं लांब ढकलतात. यालाच आपण ॲब्लेशन म्हणतो. यात किती अंश सोसले याइतकंच महत्त्व आहे ते तापण्याच्या वेगाला, आणि आतल्या वायूला बाहेर पडायला वाट आहे की नाही, याला.

आता नासाच्या ओरायन या चंद्रयात्रेच्या यानाचं उदाहरण नीट समजून घे, कारण अलीकडच्या काळात यापेक्षा मोठा धडा मला दिसलेला नाही. आर्टेमिस-१ मोहीम १६ नोव्हेंबर २०२२ला निघाली आणि माणूस नसलेलं ओरायन चंद्राला वळसा घालून ११ डिसेंबरला प्रशांत महासागरात उतरलं. पॅराशूट उघडली, केबिनमधलं तापमान सुखद राहिलं. मग तळाचं कवच तपासलं, तर शंभराहून अधिक ठिकाणी कोळशाच्या थराचे तुकडे निघून गेलेले. ते हळूहळू झिजायला हवं होतं. त्याचे टवके उडाले होते.

कवच होतं ॲव्हकोट नावाच्या झिजणाऱ्या पदार्थाचं, अपोलोच्या काळापासूनच्या कुळातलं. मात्र अपोलोत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचे तीन लाखांहून अधिक कप्पे एकेक करून हाताने भरले होते, तर या ओरायनवर त्याचे १८६ ठोकळे बसवले होते. नाव तेच राहिलं आणि बनवण्याची रीत बदलली, असं कुठेही दिसलं की जुन्या आकड्यांवर विसंबू नकोस.

टवके का उडाले, हे शोधायला नासाला दोन वर्षं लागली. ओरायन वातावरणात एकदा शिरून, थोडं वर उसळून पुन्हा खाली येतं. त्या दोन बुड्यांच्या मधल्या काळात बाहेरून येणारी उष्णता कमी झाली, पण कवचाच्या आत साठलेली होतीच. आत वायू तयार होत राहिले. वरचा थर मात्र पुरेसा सच्छिद्र झाला नव्हता. तव्यावरची भाकरी आतल्या वाफेने फुगून तिचा पापुद्रा सुटतो, तसा आतला दाब वाढत गेला. फरक एवढाच की हा पापुद्रा ठिसूळ कोळशाचा होता, तो तडकला. जिथे ॲव्हकोट आधीपासून पारगम्य होतं, वायूला आरपार जाता येत होतं, तिथे तडे गेले नाहीत.

आणि आता खरी गोष्ट. उड्डाणापूर्वी जमिनीवर केलेल्या चाचण्यांमध्ये हे दिसलंच नाही, कारण त्या चाचण्यांमधली उष्णता प्रत्यक्षापेक्षा जास्त तीव्र होती. जास्त तीव्र आचेत वरचा थर पटकन जळून सच्छिद्र झाला, वायूला वाट मिळाली आणि नमुने उत्तम टिकले. प्रत्यक्षात आच मंदावली आणि तिथेच घात झाला. पुढे एम्सच्या आर्क जेटमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीने तापवलेल्या वायूच्या झोतात, उड्डाणातली चढउतार असलेली आच हुबेहूब दिली, तेव्हा कुठे तडे जमिनीवर उमटले.

जास्त कडक चाचणी म्हणजे जास्त सुरक्षित यान, असं आपण सगळेच गृहीत धरतो. हे गृहीतक तू डोक्यातून काढून टाकावंस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नासाने डिसेंबर २०२४मध्ये जाहीर केलं की आर्टेमिस-२साठी तेच कवच ठेवून परतीचा मार्ग बदलायचा, आणि पुढच्या यानांसाठी ॲव्हकोट सगळीकडे सारखं पारगम्य होईल असं बनवायचं. यातला दुसरा निर्णय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो दुखण्याच्या मुळाशी जातो.

कोलंबिया या अवकाश शटलची गोष्ट तुला ठाऊक आहे. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी १ फेब्रुवारी २००३ला गेले. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत इंधनटाकीवरचा फोमचा सुमारे पाऊण किलोचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता. सगळे इथपर्यंत सांगतात. तू त्याच्या पुढचं वाच. यान वर असताना नुकसानीचा अंदाज काढायला जे गणिती साधन वापरलं, ते फार लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेलं होतं. हा तुकडा त्या चाचण्यांतल्या तुकड्यांपेक्षा आकारमानाने सुमारे ४०० पट मोठा होता. तरीही उत्तर मिळालं, आणि ते उत्तर बैठकीत मांडलं गेलं. जुलै २००३मध्ये टेक्सासमध्ये तसाच फोम पंखाच्या कडेला असतं तशाच कार्बनच्या पॅनलवर ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने मारून पाहिला, तेव्हा ४० सेंटीमीटरचं भगदाड पडलं. तोपर्यंत हलका फोम या पॅनलला असं फोडू शकेल, हे अनेक जाणकारांना पटत नव्हतं. आधीच्या उड्डाणांतही फोम निघाला होता आणि यानं परतली होती. त्या परतण्याचाच आधार वाटू लागला होता.

तू कवचावर काम करणार असलीस तरी कॅप्सूलमधल्या माणसाला विसरू नकोस. ३० जून १९७१ला सोव्हिएत यान सोयुझ-११ कझाकस्तानात अगदी व्यवस्थित उतरलं. कवचाने आपलं काम केलं, पॅराशूटनेही केलं. दार उघडल्यावर दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह मृतावस्थेत सापडले. यानाचे भाग सुटे होताना दाब समतोल राखणारी एक झडप फार वर, सुमारे १६८ किलोमीटरवर उघडली आणि केबिनमधली हवा निघून गेली. तिघांच्या अंगात प्रेशर सूट नव्हते, कारण तिघांना सूटसकट बसायला जागाच नव्हती. त्यानंतर कित्येक वर्षं सोयुझमधून दोघेच जात, सूट घालून. हे मी कुठल्याही विद्यार्थ्याला सांगताना आवाज स्थिर ठेवू शकलेलो नाही.

आपल्याकडच्या चाचण्याही याच नजरेने बघ. जानेवारी २००७मध्ये इस्रोचं ५५० किलोचं एसआरई-१ हे परत येणारं प्रायोगिक यान बारा दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात उतरलं. म्हणजे कक्षेतला वेग त्याने सोसला, पण ते लहान होतं. १८ डिसेंबर २०१४चं ‘केअर’ हे चाचणीचं क्रू मॉड्यूल पावणेचार टनांचं होतं, आकाराने माणसं नेण्याजोगं, पण ते कक्षेत गेलं नाही. १२६ किलोमीटरवरून परतलं. २१ ऑक्टोबर २०२३ला श्रीहरिकोट्याहून टीव्ही-डी१ हे चाचणी-रॉकेट उडालं, ते संकटात क्रू मॉड्यूल रॉकेटपासून ओढून दूर नेता येतं का हे पाहायला. ते काम चोख झालं. मॉड्यूल समुद्रात मात्र उलटं तरंगत होतं. आत पट्ट्यांनी बांधलेली माणसं असती तर, हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि म्हणूनच मॉड्यूल सुलटं करणाऱ्या यंत्रणेकडे तू लक्ष ठेवावंस. २४ ऑगस्ट २०२५ला हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरमधून सुमारे ३ किलोमीटर उंचीवरून मॉड्यूल सोडलं, ते केवळ पॅराशूटसाठी. कवचाचा तिथे संबंधच नव्हता. प्रत्येक चाचणीने आपापला तुकडा सिद्ध केला. गगनयानात हे सगळे तुकडे एकाच दिवशी, तीन माणसांसह, एकापाठोपाठ एक लागणार आहेत. दोन तुकड्यांच्या सांध्यावर काय होतं, तिकडे लक्ष देणारी माणसं आपल्याला हवी आहेत, आणि त्यांच्यात तू असावीस असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आतापासून एक सवय लाव. कुठलाही आकडा वहीत उतरवलास की त्याच्या शेजारी लिही: नमुना केवढा, आच किती, ती किती वेगाने चढली, किती वेळ राहिली, दाब किती होता. आणि एका ओळीत हेही लिही की याच्या पलीकडे मोजलेलं नाही. ही ओळ अहवालातून गाळायला कोणी सांगितलं, तर नम्रपणे नाही म्हण. वरिष्ठांना ‘सर, हे चाचणीच्या बाहेरचं आहे’ एवढं वाक्य म्हणायला नोकरीच्या पहिल्या वर्षी धैर्य लागतं, मला माहीत आहे. तरी म्हण.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल विचारलं आहेस. तुमच्या कॉलेजात टीजीए, म्हणजे तापवताना वजन मोजणारं यंत्र असेल तर कार्बन-फिनॉलिकचे (कार्बन तंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणाचे) छोटे नमुने घे आणि वेगवेगळ्या वेगाने तापवून त्यांचं वजन कसं घटतं ते पाहा. तापमानाची कमाल सगळ्यांना सारखी ठेव, वेग तेवढा बदल. मग एका नमुन्याला मध्येच आच कमी करून पुन्हा वाढव आणि उरलेला कोळसा मायक्रोस्कोपखाली बघ. टीजीएत नमुना मिनिटाला साधारण दहा-वीस अंशांनी तापतो. खरं कवच त्याच्या कितीतरी पट वेगाने तापतं. ही मर्यादा प्रबंधाच्या पहिल्याच पानावर यायला हवी. नमुने कापायच्या आधी आराखडा मला पाठव.

तुझे,
सर