वाचक विचारतात : वीस आशाताई आणि मासिक सभेतला अर्धा तास

प्रश्न : मी नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यात गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, आहे. माझ्याकडे वीस आशा आहेत. आमचं प्रशिक्षण म्हणजे पीपीटी, चहा-बिस्कीट आणि सही. कोरोनात तर धड काही न सांगताच घरोघर पाठवलं. पुढच्या साथीत, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच होणार का? वेगळा निधी नाही. मी काय करू शकते?

उत्तर : बाप्पा, निधीची वाट पाहाल तर मे निघून जाईल! मी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) नर्स होते, आता निवृत्त आहे. मासिक सभेचा सगळा वेळ रिपोर्ट जुळवण्यात जातो, हे मी पाहिलंय. त्यातला अर्धा तास सोडवून घ्या आणि भाषण न करता करून घ्या.

एप्रिलमध्ये उष्माघात. एका आशेला खाली झोपवा. ती एमआयडीसीतला मजूर. अंग तापलेलं, असंबद्ध बडबडतोय. बाकीच्यांना म्हणा, आता करा काय ते. निम्म्या जणी आधी तोंडाला गिलास लावतील, बघाच. शुद्ध हरपत चाललेल्याला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा. त्याच वेळी दुसरीने 108 ला फोन. ओआरएसचं पाकीट एक लिटरला, हे सगळ्यांना पाठ. पण घरच्या तांब्यात किती मावतं? तेही मोजून घ्या.

जूनमध्ये कूलर. पाऊस आला की आपल्याकडे कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच. ‘पाणी फेका’ एवढं सांगून आशा पुढे जाते. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडांना चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. टाकी घासायलाच हवी. प्रत्येकीने आधी आपल्या घरची घासून यावं.

आणि आशांच्या डोक्यावरचं ऊन? 45 अंशांत भर दुपारी सर्व्हे करणारी बाई आधी तीच पडायची. अकराच्या आत सर्व्हे संपेल असं वेळापत्रक मेडिकल ऑफिसरना लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं विसरलं जातं.

मोबदल्याचं तुम्ही लिहिलं नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, बरंच झालं. पण किराणावाला तो गौरव जमा करून घेत नाही. तिथे संघटनाच लागते, माझ्या युक्त्या चालायच्या नाहीत.

ऑगस्टची सभा स्क्रब टायफसला द्या, म्हणजे गवता-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाला. 2018 मध्ये नागपुरात त्याचे रुग्ण निघाले होते. तापाच्या रुग्णाच्या काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली शोधायची. बायका लाजेपोटी दाखवत नाहीत, म्हणून आशेनेच विचारावं. दिसली तर त्याच दिवशी पीएचसी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचं औषध वेळेत सुरू होईल. खपली सगळ्यांनाच येत नाही. तेव्हा ती नसली तरी न उतरणारा ताप घरी ठेवू देऊ नका.