सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर जॉबची, म्हणजे कापायच्या तुकड्याची, लांबी बदलली की सगळे टूल पुन्हा सेट करावे लागतात का?

नाही, फक्त जी ५४ मधील (जॉबच्या शून्यबिंदूची कंट्रोलमधील नोंद) झेड, म्हणजे लांबीच्या दिशेचा आकडा, बदलावा लागतो. मात्र त्यासाठी सर्व टूलचे झेड ऑफसेट (टूलच्या टोकाच्या जागेची नोंद) एकाच पृष्ठभागाला स्पर्श करून घेतलेले असले पाहिजेत.

मशीन झीरो हा निर्मात्याने ठरवलेला, न हलणारा बिंदू असतो. जॉब झीरो आपण ठरवतो: एक्सचा (व्यासाच्या दिशेचा) शून्य स्पिंडलच्या मध्यरेषेवर आणि झेडचा शून्य बहुधा जॉबच्या तयार फेसवर (टोकाच्या सपाट पृष्ठभागावर). मध्यरेषा जॉबबरोबर बदलत नसल्याने जी ५४ मधील एक्स शून्यच ठेवावा आणि व्यासाचा सारा हिशेब प्रत्येक टूलच्या जिओमेट्री ऑफसेटवर सोडावा.

फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर हलका फेस कट घेऊन, झेड न हलवता टूल एक्समध्ये बाहेर काढावा व जिओमेट्रीच्या पानावर झेड शून्य लिहून मेजर करावा (कंट्रोल त्यावरून ऑफसेट काढतो). नंतर बाहेरील व्यासावर कट घेऊन, एक्स न हलवता झेडमध्ये मागे यावे, स्पिंडल थांबवून मायक्रोमीटरने व्यास मोजावा आणि तोच आकडा एक्समध्ये मेजर करावा. पुढील टूलने फेस पुन्हा कापू नये, केवळ स्पर्श करावा.

साकीनाका किंवा वसईच्या गाळ्यांमध्ये, जिथे एकाच पाळीत अनेक जॉब बदलतात, तिथे ही शिस्त फार वेळ वाचवते. व्यास ३०.०४ आला आणि ३०.०० हवा असेल, तर जिओमेट्रीला हात न लावता वेअरमध्ये (झिजेसाठीच्या वेगळ्या ऑफसेटमध्ये) एक्स उणे ०.०४ द्यावे. (निम्मे नव्हे, एक्स व्यासातच मोजला जातो.) जॉ (जॉब पकडणारे चकचे जबडे) बदलल्यावर पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत), रॅपिड (न कापता होणाऱ्या हालचालीचा वेग) कमी ठेवूनच चालवावा.