लोकशाही देशांची मैत्री खरंच समान मूल्यांवर टिकते, की सगळा स्वार्थाचा मामला?

मैत्री जमते ती गरजेपोटीच. मूल्यं कामी येतात ती नंतर, भांडण झाल्यावर.

नाटो या लष्करी युतीचंच बघा. 1949 च्या करारात सुरुवातीलाच लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य, कायद्याचं राज्य असे भारदस्त शब्द आहेत. सह्या करणाऱ्या 12 देशांत पोर्तुगालही होता आणि तिथे तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. पण अटलांटिकच्या मधोमध असलेली, लष्करी तळासाठी मोक्याची अझोर्स बेटं पोर्तुगालची, त्यामुळे हुकूमशाहीकडे काणाडोळा झाला.

आपला अनुभव 1971 चा. अमेरिका लोकशाही, आपणही लोकशाही, तरी निक्सन पाकिस्तानच्या लष्करशहाच्या पाठीशी उभे राहिले आणि डिसेंबरात एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. आपण ऑगस्टमध्ये करार केला तो सोव्हिएत संघाशी, जिथे निवडणुकीला पक्षच एक! बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, सगळा स्वार्थ.

पण त्याच वर्षी 6 एप्रिलला ढाक्यातल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी स्वतःच्याच सरकारच्या धोरणाला विरोध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. तिथले कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला आणि ते पद गमावलं. ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी निर्वासितांच्या छावण्या बघून गेले आणि परत जाऊन त्यांनी निक्सनना धारेवर धरलं. आता उलटा विचार करा. मॉस्कोने आपल्याविरुद्ध निर्णय घेतला असता, तर तिथे आपल्या बाजूने कोण बोललं असतं?

गेल्या वर्षीचं, म्हणजे 2025 चं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक निघते. लोकांना ज्याचा राग, त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा. त्या वर्षी आपल्या मालावर अमेरिकेने लावलेल्या 50 टक्के टॅरिफवरून, म्हणजे आयात शुल्कावरून, खुद्द ट्रम्प यांचा बडग्या निघाला. मित्रदेशाचा राष्ट्राध्यक्ष म्हणून कुणी हात आखडला नाही. आणि सहाच दिवसांनी, 29 ऑगस्टला, तिकडच्या अपील न्यायालयाने सांगितलं की अध्यक्षांना असा टॅरिफ लावायचा अधिकारच नाही. खटला भरणारे कोण, तर अमेरिकेतलेच छोटे आयातदार आणि काही राज्यं. आपल्यासाठी नव्हे, स्वतःच्या खिशासाठी भरला, हे खरंच. पण भरता आला ना!

हे सगळं मी सावनेरकडच्या मामाला रंगवून सांगत होतो. मामाचा कापूस आहे. टॅरिफचा फटका बसलेल्या कापड गिरण्यांना स्वस्त माल मिळावा म्हणून पोळ्याच्या तोंडावरच आपल्याकडे कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं होतं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दोस्ती त्यायची, अन् भाव आमचा पडते. थ्या कोर्टानं आता कापूस चढन का बे?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.